ताईची वही : संस्थेची पंचवीस वर्षे

संस्थेचा इतिहास नोंदणी क्रमांकापासून सुरू करायची पद्धत आहे. संपादक मंडळानेही मला तेच सुचवलं. पण नोंदणी क्रमांक मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापला आहे, नाव मुखपृष्ठावर आहे आणि किती जनावरांवर उपचार झाले त्याचे आकडे मागे ताळेबंदाशेजारी आहेत. ते तिथेच बरे. इथे मी नुसतं ‘संस्था’ म्हणेन आणि सुरुवात मोरीतल्या मुंग्यांपासून करेन.

साल १९७२. दुष्काळाचं. जत-आटपाडीकडची माणसं जनावरं हाकत मिरजेपर्यंत येत होती. घरोघरी बोलणं एकच, पाण्याचं. अशा दिवसांत आमची दहा वर्षांची ताई तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. आजी चिडायची, “गावाला प्यायला नाही आणि ही पोरगी रांजण संपवते!” दुष्काळाच्या वर्षी तहान लागते यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. ताई वाळत चालली, रात्रीतून चार-पाचदा उठू लागली. मग एका सकाळी आईला मोरीत मुंग्यांची रांग दिसली. आजीनेच ओळखलं. तिच्या माहेरी कोणाच्या तरी लघवीला अशाच मुंग्या लागायच्या, आणि तो माणूस गेला होता.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी इथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं रेल्वेने इथे उतरतात. त्यामुळे निदान लवकर झालं. लहान मुलांना होतो तो मधुमेह. स्वादुपिंडातून इन्सुलिन येणंच बंद होतं आणि मग जन्मभर बाहेरून द्यावं लागतं. डॉक्टरांनी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दोन गोष्टी लिहून दिल्या. एक इन्सुलिनची चिठ्ठी आणि दुसरी बेनेडिक्ट द्रावणाची. म्हणाले, रोज तपासायचं आणि वहीत लिहायचं.

ती वही हाच आमच्या संस्थेचा पहिला कागद.

बेनेडिक्टची परीक्षा आताच्या पिढीला माहीत नाही, म्हणून सांगतो. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी म्हणजे फार आणि विटकरी म्हणजे आईच्या डोळ्यांना पदर. नळी धरायचं काम माझं होतं. मी पाच वर्षांचा, चिमट्यात नळी धरून एकाग्र बसायचो. नळीचं तोंड आपल्याकडे धरायचं नाही, उसळून अंगावर येतं, हे मला बाराखडीच्या आधी कळत होतं.

वहीला पाच रकाने होते. तारीख, वेळ, रंग, इन्सुलिन, शेरा. पहिले चार अण्णा भरायचे. रेल्वेतले कारकून, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. पाचवा रकाना त्यांनी ताईला दिला. “तुला काय वाटतं ते लिही,” म्हणाले.

दोनेक वर्षांनी गल्लीतल्या एका कुत्रीच्या मागच्या पायावरून टांग्याचं चाक गेलं. तिला ताईने परकराच्या ओच्यात घालून घरी आणलं. अण्णांनी जुन्या फूटपट्टीचे दोन तुकडे करून पाय बांधला. तिचं नाव मैना. पाय वाकडाच जुळला, पण मैना तीन पायांवर चौथ्याची आठवण ठेवून बरी पळायची. एके दिवशी ताई मोरीत मैनाच्या मागे नळी घेऊन फिरताना मी पाहिली. अर्धा तास खटपट करून तिने थेंब मिळवले, मी नळी उकळली. रंग निळाच राहिला. त्या तारखेच्या पानावर ताईच्या अक्षरात लिहिलेलं आहे : “मी – नारिंगी. मैना – निळी. हिचं बरंय.”

त्या दिवसापासून वहीत जनावरं आली.

आमचा वाडा सतारमेकर गल्लीच्या जवळ. तिथे तंबोऱ्या-सतारींसाठी पंढरपूरकडून भोपळे येतात. जो भोपळा वेडावाकडा निघतो किंवा डुगडुगतो, तो वाद्याला चालत नाही. शेजारचे चाचा असे भोपळे अर्धे कापून ताईला द्यायचे. कुत्र्यांना पाण्याला. आमच्या अंगणातली कुत्री तंबोऱ्याच्या भोपळ्यातून पाणी पीत मोठी झाली. मिरजेत याचं कोणाला नवल नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या टिपू नावाच्या गाणाऱ्या कुत्र्याची आठवण इथे अजून सांगतात. चाचांचं मत होतं की आमच्यातलं एकही सुरात भुंकत नाही.

इन्सुलिनची बाटली ठेवायला फ्रिज नव्हता. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात बाटली राहायची. काचेची सिरिंज रोज उकळायची. सुरुवातीला सुई टोचायला कंपाउंडर यायचे. आई दाराआड उभी राहायची. एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं की हे औषध गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढतात. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात लसूणसुद्धा नाही. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कंपाउंडर आले तेव्हा आई पुढे झाली, म्हणाली, मला शिकवा. आजीने विचारून पाहिलं, निदान एकादशीला तरी सुई चुकवता येईल का? आई म्हणाली, “सुईला एकादशी नसते.” विषय संपला. आमच्याकडे पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची अशी रीत होती. आईने शेवटच्या भाकरीच्या चार केल्या. का, ते तिने सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही.

ताई कॉलेजात असताना वाचनालयातून तिने इन्सुलिनच्या शोधाची हकीकत वाचून आणली. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर आली. मूळ कुठे आहे ते तेव्हा कळलं. पुढे १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून अर्क मिळवला. १९२२च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला, आणि तोवर मरणारी मुलं जगू लागली. संशोधकांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. त्या कुत्र्यांपैकी स्वादुपिंड काढलेली एक कुत्री अर्कावर सत्तर दिवसांच्या आसपास जगली. तिचं नाव मार्जरी. मला ते नाव ऐकून मांजरच वाटलं होतं. त्या रात्री ताईने मला फार हसू दिलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात त्या तारखेला ‘मार्जरी’ एवढा एकच शब्द आहे.

ताईचं आजारपण सोसणं थोर होतं वगैरे लिहायचा मोह इथे होतो. आमच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या अंकात कोणीतरी तसं लिहिलंही आहे. मला ते पटलं नव्हतं. ताई चिडकी होती. जेवायला दहा मिनिटं उशीर झाला तर भांडी आपटायची. साखर उतरली की घाम फुटून बडबडायची आणि नंतर काय बोललो ते आठवत नसे. शाळेने तिला सहलीला नेणं बंद केलं तेव्हा तिने आठवडाभर कोणालाच धड बोलू दिलं नाही. स्थळं आली, सुईचं कळलं आणि गेली. तेव्हा मात्र ती हसली. दया दाखवणाऱ्या बायकांचा तिला तिटकारा होता. “बिच्चारी म्हणणारी माणसं वेळेवर येत नाहीत,” असं तिचं निरीक्षण होतं, आणि ते मला संस्थेच्या कामात पंचवीस वर्षं तंतोतंत पटत आलं आहे.

एक दंतकथा मोडायला हवी. रात्री ताईची साखर उतरली की बंड्या नावाचा कुत्रा भुंकून आईला उठवायचा, हे खरं आहे. त्यावरून बंड्याला देवपण मिळालं. परदेशात अशी कुत्री मुद्दाम शिकवून तयार करतात हेही पुढे वाचनात आलं. पण ताईचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या उशाखाली ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा असायचा. ती थरथरू लागली की पुडा फुटायचा आणि दोन बिस्किटं बंड्याला मिळायची. “त्याला माझा वास येत नाही, बिस्किटाचा येतो,” ती म्हणायची. दोघांपैकी खरं कोण, ते आता ठरणार नाही.

तिशी ओलांडल्यावर डोळे गेले. आतल्या पडद्यावर रक्तस्राव, लेझर, पुन्हा रक्तस्राव. मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शेवटच्या वह्या माझ्या अक्षरात आहेत, ती सांगायची आणि मी लिहायचो. स्वतःचं कमी सांगायची. “काळीने अर्धीच भाकरी खाल्ली. कान हलवतेय, आत बघ. पिलांना जंताचं औषध रविवारी.” १९९९च्या पावसाळ्यात ती गेली. सदतीस वर्षांची होती.

संस्था तिला दिलेल्या वचनातून निघाली असं भाषणांत सांगतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, मग अण्णांनी हात जोडून “कुत्री सांभाळू” म्हटलं आणि कावळा शिवला, अशी कथा मी स्वतः दोन प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकली आहे. मी तिथे होतो. कृष्णाकाठी कावळा एका मिनिटात शिवला, वचन द्यायची वेळच आली नाही. घरी परतलो तर अंगणात अकरा कुत्री उपाशी बसली होती. संस्था त्यातून निघाली.

तेराव्यानंतर अण्णांनी लोखंडी ट्रंक उघडली. सत्तावीस वर्षांच्या वह्या. दोन दिवस ते वाचत बसले. मग त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतले काही पैसे बाजूला काढले आणि मला विचारलं, संस्था नोंदवायला काय लागतं?

सात माणसं लागतात. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सह्या हव्यात, आणि पुढे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. आमचा पहिला अर्ज परत आला, आणि दोष आमचाच होता. उत्साहात सहाच सह्या करून पाठवला होता. सातवी सही चाचांची. त्यांनी पेन हातात घेऊन विचारलं, “काय काम करावं लागंल मला?” अण्णा म्हणाले, “काही नाही, भोपळे द्या.” २००० साली नोंदणी झाली. संस्थेला ताईचं नाव द्यावं असा ठराव आला होता. आईने नाही म्हटलं. फळ्यावर नाव आलं की हार घालावा लागतो, आणि हारांचं ताईला वावडं होतं, असं ती म्हणाली.

पहिली रजिस्टरं छापायला टाकली तेव्हा छापखान्यातल्या माणसाने नमुना मागितला. अण्णांनी ताईची वहीच दिली. त्याने पाचही रकाने जसेच्या तसे छापले. पाचशे पानं. ‘रंग’ या रकान्याचं करायचं काय, असा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. लघवीच्या नळ्या आता कोण उकळणार? आमच्याकडे तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक व्रणोपचारक येत, सगळा गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचा. ते म्हणाले, “रकाना राहू द्या. ओठ उचलायचा आणि हिरडीचा रंग लिहायचा.” गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर अंगात रक्त नाही, गोचीडतापाची शंका घ्यायची. पिवळी म्हणजे कावीळ. निळसर दिसली तर लिहीत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. आजही आमच्याकडे आलेल्या प्रत्येक जनावराची पहिली नोंद हिरडीच्या रंगाची असते. नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशी ओठ उचलायला शिकतो, पट्टी बांधायला नंतर.

पहिली तीन वर्षं काम वाड्याच्या अंगणातच चाललं. बहुतेक जखमा अळ्या पडलेल्या असायच्या. टर्पेंटाईनचा बोळा लावायचा, अळ्या बाहेर यायला लागल्या की चिमट्याने एकेक काढायची, मोजायची. मोजण्याचा हट्ट डॉक्टरांचा. काल किती, आज किती, यावरून जखम कळते. गल्लीतल्या बायका सीताफळाचा पाला आणून द्यायच्या, त्याचाही रस लागायचा. वास, भुंकणं, रात्रीअपरात्री गेट वाजवणारे लोक या सगळ्यांबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली. काहींनी त्यांना निर्दय म्हटलं. मला तसं वाटत नाही. तान्ह्या बाळाच्या घराशेजारी वीस कुत्री आम्हीच ठेवली होती. शेवटी गावाबाहेर एका शेतकऱ्याने पडीक माळ भाड्याने दिला. भाडं नाममात्र, अट एकच, त्याच्या बैलांच्या खुरांकडे बघायचं. संस्थेत कुत्र्यांखेरीज इतर जनावरं आली ती या भाडेकरारातून.

अन्नाचा वाद जुना आहे आणि कार्यवृत्तांत तो दर दोन वर्षांनी सापडतो. आई मांस शिजवणार नव्हती. ती जर्मनच्या मोठ्या पातेल्यात तांदळाच्या कण्या, हळद आणि सोयाबीन शिजवायची. डॉक्टरांचं म्हणणं, एवढ्यावर जखमा भरत नाहीत. मग माळावर वेगळी चूल मांडली गेली, कोंबडीचे पाय आणि माना तिथे शिजू लागल्या, आणि आईचं पातेलं वेगळं राहिलं. कुत्र्यांना दोन्ही चालतं. वार्षिक सभेला येणारे प्रमुख पाहुणे दरवर्षी संत नामदेवांची गोष्ट सांगतात. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ती. तुपाची वाटी घेऊन आजवर आमच्याकडे कोणी आलेलं नाही. कण्या देणारे आले, ते पुरेत.

२००१च्या डिसेंबरात केंद्राचे भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले. त्याआधी नगरपालिका कुत्री मारत. त्याची तपशीलवार आठवण इथे नको. नव्या नियमांचं सार असं की कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. यातला शेवटचा शब्द आम्ही नीट वाचला नाही. सुरुवातीच्या शिबिरात सोळा-सतरा कुत्री दोन गाड्यांतून आणली आणि अदलाबदल होऊन भलत्याच गल्ल्यांत सोडली. कुत्र्याला आपली गल्ली असते, परक्याला तिथे जागा नसते. टाके ओले असताना मारामाऱ्या झाल्या, त्यातली दोन मेली. त्या चुकीचा कोणत्याही अहवालात उल्लेख नाही, म्हणून इथे करतो. त्यानंतर रजिस्टरमध्ये सहावा रकाना आला : ‘कुठून’. त्यात गल्ली, खूण, सगळं लिहायचं. “बसस्टॉपच्या पाठीमागे, भेळवाल्याजवळ, लाल टपरीखाली.” २०२३च्या मार्चमध्ये हे नियम बदलून नवे आले, तरी उचललं तिथेच सोडण्याचं कलम कायम राहिलं. आमचा रकानाही.

सातवा रकाना माणसांचा आहे. एक पिलू आलं, लाळ गाळत, खालचा जबडा लोंबलेला. घशात काहीतरी अडकलंय असं समजून एका पोराने तोंडात बोट घातलं. पिलू तिसऱ्या दिवशी गेलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणसाला काय आणि जनावराला काय, उपाय नाही. पोराला त्याच दिवशी लस सुरू झाली होती म्हणून तो आज दोन मुलांचा बाप आहे. तो महिना त्याची आई रोज संध्याकाळी माळावर येऊन नुसती बसायची, काही बोलायची नाही. तेव्हापासून आधी लस घेतल्याशिवाय आम्ही कोणाला जनावराजवळ जाऊ देत नाही. कोणी मंत्र्याची चिठ्ठी आणली तरी नाही.

२००५ आणि २०१९ या दोन्ही पुरांत संस्था होती. २०१९च्या ऑगस्टबद्दल थोडं लिहितो, कारण त्याच्या नोंदी वहीत सर्वांत वाकड्या अक्षरात आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मिरज उंचावर, म्हणून आसपासच्या गावांतली माणसं आणि जनावरं इकडे येत होती. बोट घेऊन गेलेले लोक परत येऊन सांगायचे की माणसं घरातून निघायला तयार नाहीत. गोठ्यात म्हैस आहे, ती बोटीत मावत नाही, तिला सोडून कसं यायचं? आम्ही बोटीबरोबर आमची दोन पोरं दिली. त्यांचं काम बोलण्याचं होतं. ती मालकाला सांगायची, “दावं कापा. म्हस पोहती, बांधलेली न्हाई पोहत.” काहींनी कापलं, काहींच्याने हात उचलवला नाही. पोहत आलेल्या म्हशी नंतर आमच्या माळावर होत्या. ‘कुठून’ या रकान्यात आम्ही काय लिहिणार? आलेल्या दिशेचं नाव लिहिलं. मालक शोधत यायचे, लांबून हाक मारायचे आणि म्हैस मान वर करायची. ओळखपत्र तेच. एक म्हातारा सलग तीन दिवस येऊन प्रत्येक रांगेसमोर हाक मारून गेला. चौथ्या दिवशी आला नाही.

करोनाच्या टाळेबंदीत पासेस काढून खाणं पोचवलं, ते सगळ्यांनीच केलं. त्यावर वेगळा लेख आहेच.

आता अलीकडचं. दीड वर्षापूर्वी सकाळी गेटला एक पांढरी पॉमेरेनियन कुत्री बांधलेली सापडली. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि समोर ठेवलेलं पाण्याचं घमेलं तिने रिकामं केलं होतं. पोरांनी पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं. मी त्या दिवशी उशिरा पोचलो. पाण्याचं ऐकलं आणि खाली वाकून ती बसली होती तिथली जमीन पाहिली. मुंग्या होत्या.

रक्त तपासायला दिलं, ती नुसती औपचारिकता. कुत्र्यांना होणारा मधुमेह बहुधा असाच, इन्सुलिनशिवाय न चालणारा. दिवसातून दोनदा, जन्मभर. कार्यकारिणीची बैठक झाली. कोषाध्यक्षांनी मुद्दा मांडला की एका म्हाताऱ्या कुत्रीच्या वर्षाच्या खर्चात कितीतरी पिलांना लस देता येईल. मुद्दा खोटा नाही. मीही त्या बैठकीत ठामपणे काही बोललो नाही, इतिवृत्तात माझं मत कोरं आहे. नव्या पशुवैद्य डॉक्टर समजावून सांगत होत्या. आता मिळतं ते इन्सुलिन माणसाच्या घडणीचं, जंतूंकडून बनवून घेतलेलं. ते १९८२ पासून बाजारात आहे, कुत्र्यालाही लागू पडतं. आधीचं जनावरांचं असायचं. गाईच्या आणि माणसाच्या इन्सुलिनच्या अमिनो आम्लांच्या साखळीत तीन कड्यांचा फरक, डुकराच्या आणि माणसाच्या फक्त एका कडीचा. आणि डुकराचं व कुत्र्याचं तर तंतोतंत एकच.

आई त्या दिवशी माळावर आली होती. बैठकीला ती कधी बसत नाही, दाराशी खुर्ची टाकून कण्या निवडत होती. तिने विचारलं, “ताईला मागाहून शुद्ध केलेलं डुकराचं यायचं, ते?”

डॉक्टर म्हणाल्या, “हो आजी, तेच.”

“म्हणजे कुत्र्याचं?”

“घडण तीच.”

“मग घरचंच की,” आई म्हणाली, आणि पुन्हा कण्या निवडू लागली.

ठरावावर मतदान झालं नाही. संध्याकाळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईने त्या कुत्रीच्या मानेमागची कातडी दोन बोटांच्या चिमटीत उचलली आणि लाल टोपीच्या चाळीस युनिटच्या सिरिंजने सुई दिली. पंचवीस वर्षांत तिने सिरिंज हातात धरली नव्हती. बाटली दोन तळव्यांत हलकी फिरवली, हलवली नाही. बुडबुडा टिचकीने वर आणला. कुत्रीला कळलंही नाही. तिचं नाव आईने मैनाच ठेवलं. आमच्याकडे आतापर्यंत सहा मैना होऊन गेल्या.

अण्णा २०११ साली गेले. चाचांचा मुलगा आता कार्यकारिणीवर आहे, भोपळे अजून येतात. ताईच्या मूळ वह्या कार्यालयातल्या कपाटात आहेत, कोणालाही पाहता येतील. फक्त पानं जपून उलटा, काहींवर बेनेडिक्टचे निळे डाग आहेत आणि तिथे कागद विरला आहे.

आईचे हात गेल्या दिवाळीपासून थरथरतात. मैनाची सकाळची सुई मी देतो. संध्याकाळी सातची पाळी सोमवारी आणि गुरुवारी रिकामी आहे. ज्यांना जमेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. सुई टोचता येत नसेल तर शिकवू, पंधरा मिनिटांत येते. मात्र सात म्हणजे सात. आधी तिचं खाणं, मग सुई, मग रजिस्टर. शेऱ्याचा रकाना कोरा सोडू नये.